आपले हसू आणि दुसऱ्याची अब्रू



फज्रची नमाज आटोपून आपण घरी परततो, चुलीवर चहा चढतो आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. रात्रभरात कोणी काय पाठविले ते पाहण्याची आपल्याला ओढ असते. कुठे तान्हे मूल मांजरीशी बोलत असते, कुठे एखादा वृद्ध कारागीर थरथरत्या हातांनी सुंदर अक्षरे कोरत असतो, तर कुठे दोन्ही पायांनी अधू असलेला तरुण परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो. कर्जतहून पहाटेची लोकल धरून मुंबईस जाणाऱ्या आपल्या बांधवांचा दोन तासांचा प्रवास याच चित्रांच्या सोबतीने सरतो. डब्यात एकजण हसतो, शेजारचा डोकावतो आणि अनोळखी माणसे क्षणभर एकत्र हसतात. हे वाईट आहे असे सांगण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही.

काही धार्मिक मंडळी हसण्याचाच धाक घालतात. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा पाळलेला छोटा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी त्या बालकाला ‘अबू उमैर’ या मोठ्या माणसाच्या नावाने हाक मारून, यमक जुळवून पक्ष्याची विचारपूस केली. एकाने स्वारीसाठी उंट मागितला, तेव्हा उंटिणीचे पिल्लू देतो असे ते म्हणाले. पिल्लावर बसू कसा, या विचाराने तो गोंधळला. प्रत्येक उंट हा उंटिणीचेच पिल्लू असतो, हे त्याला मागाहून उमगले. सहाबांनी विचारले असता प्रेषितांनी स्पष्ट केले की, मी विनोद करतो, परंतु सत्याखेरीज काही बोलत नाही. या एका वाक्यात विनोदाचे अर्धे शास्त्र आले आहे. उरलेल्या अर्ध्याकडे मी पुढे येतो.

इंटरनेटवर सापडलेली गोष्ट माणसाला कुठवर नेऊ शकते याचे एक उदाहरण माझ्या घरातलेच आहे. माझ्या मुलीला नेरळ-माथेरानच्या छोट्या आगगाडीचे एक जुने छायाचित्र दिसले. ती गंमत म्हणून पाहत होती. मग ही गाडी बांधली कोणी, असा प्रश्न तिला पडला आणि ती शोधू लागली. 1904 ते 1907 या काळात, दोन फूट रुंदीच्या रुळांवर, सुमारे सोळा लाख रुपये खर्चून हा मार्ग उभारणारे अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय होते आणि त्यामागे त्यांचे पिता सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा होता, हे तिने आम्हाला जेवताना सांगितले. आमच्या चार पिढ्या कर्जत तालुक्यात गेल्या. त्या गाडीची शिट्टी आम्ही जन्मभर ऐकली. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत तो मार्ग वाहून गेला तेव्हा आम्ही हळहळलोही. पण आपल्याच समाजातील एका घराण्याने हा डोंगर खुला केला, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते! त्या रविवारी ती आपल्या दादीला घेऊन नेरळला गेली. करमणुकीतून ज्ञान, ज्ञानातून कृतज्ञता आणि कृतज्ञतेतून एका वृद्धेची सेवा. अशी स्फूर्ती लाभत असेल तर मोबाइल ही अल्लाहची देणगी मानण्यास मला काही अडचण वाटत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते.

2023 च्या पावसाळ्याच्या आरंभी चौकच्या बाजारात एक ठाकूर आदिवासी गृहस्थ रानभाजीची पाटी डोक्यावर घेऊन चालला होता. पाटीत शेवळे होती, टाकळ्याच्या जुड्या होत्या. चिखलात त्याचा पाय घसरला, दोन्ही हात हवेत गेले, त्याने एक विचित्र गिरकी घेतली आणि तो बसकण मारून पडला. कोणीतरी ते टिपले, त्यावर एका नाचाच्या गाण्याची चाल चढविली आणि ती काही सेकंदांची चित्रफीत आमच्या कुटुंबाच्या गटात येऊन पडली. मी हसलो. पत्नीला दाखविली, तीही हसली. मग मी ती आणखी तीन गटांत पाठविली. त्यातला एक गट आमच्या मशिदीच्या जमातीचा होता. अंगठ्याला त्यासाठी किती श्रम पडले असतील?

तो चेहरा मी ओळखत होतो. नाव मात्र जाणत नव्हतो. बहिणीच्या घरी चौकला गेलो की त्याच्याकडून मी कितीदा तरी शेवळे घेतली होती, आणि काकडे सोबत घ्या, नाहीतर घसा खाजेल, हे त्यानेच मला बजावले होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी, 19 जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हिजरी 1445 च्या मोहरमची ती पहिली रात्र होती. वाडी ठाकूर समाजाची. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येत नव्हती, पाऊस थांबत नव्हता. चार दिवसांनी शोध थांबविला गेला तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. सकाळी आमच्या त्याच गटांत, त्याच पडद्यावर, चिखलाची चित्रे येऊ लागली. वाचकहो, मी ती चित्रे एकेक करून थांबवून पाहत होतो. मी तो चेहरा शोधत होतो. तो माणूस कोणत्या वाडीचा, हे मला ठाऊक नव्हते. तो कसा पडतो हे माझ्यामुळे कित्येकांना ठाऊक झाले होते, परंतु तो जिवंत आहे का, हे कोणाला विचारावे तर विचारण्यासाठी माझ्यापाशी त्याचे नाव नव्हते.

त्या रात्रींमध्ये मला एक हदीस आठवत राहिली. ती हजरत अनस (रजि.) यांनी कथन केली असून इमाम अहमद आणि इमाम तिर्मिजी यांच्या संग्रहांत आलेली आहे. जाहिर (रजि.) नावाचे एक खेडूत सहाबी होते. ते रानातील जिन्नस मदीनेस आणीत, प्रेषितांना भेट देत, आणि परत जाताना प्रेषित त्यांना शहरातील वस्तू बांधून देत. जाहिर हे आपले रान आहे आणि आपण त्यांचे नगर आहोत, अशा अर्थाचे उद्गार प्रेषित काढीत. जाहिर दिसण्यास साधे, लोक ज्याला कुरूप म्हणतील असे होते. एके दिवशी ते बाजारात आपला माल विकत असता प्रेषितांनी मागून येऊन त्यांना मिठी मारली. कोण आहे ते त्यांना दिसेना, ते सुटण्याची धडपड करू लागले. मग ओळख पटली, तेव्हा त्यांनी आपली पाठ प्रेषितांच्या छातीला अधिकच टेकविली. प्रेषितांनी भर बाजारात पुकारा केला की, हा दास कोण विकत घेतो? मला विकलेत तर फारच थोडकी किंमत येईल, असे जाहिर म्हणाले. त्यावर, अल्लाहपाशी तुझी किंमत थोडकी नाही, असे उत्तर त्यांना मिळाले.

ही थट्टा होती, बाजारातली होती, चारचौघांसमोरची होती, आणि एका गरीब, रानातून माल घेऊन आलेल्या विक्रेत्याची होती. माझी चित्रफीतही अगदी तशाच माणसाची होती. ती थट्टा संपली तेव्हा जाहिर यांचा भाव वाढला होता. माझी थट्टा संपली तेव्हा त्या ठाकूर बांधवाचा भाव उतरला होता. विनोदाच्या शास्त्राचा उरलेला अर्धा भाग तो हाच.

दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (आयत 11) एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करण्यास मनाई आहे, आणि कारण असे दिले आहे की, ज्यांची टिंगल होते ते करणाऱ्यांहून श्रेष्ठ असू शकतील. तोंडाने काही बोललो नाही, केवळ पाठविले, ही पळवाटही बंद आहे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगण्या उंचीचा ओझरता निर्देश केला, तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, ही गोष्ट समुद्राच्या पाण्यात मिसळली तर तेही नासेल. ते एक वाक्य एका घरात उच्चारले गेले होते. आपल्या मोबाइलमधून ते किती घरांत जाते, हे आपण मोजतही नाही.

आणि सत्याची अट? तीही तितकीच कठोर आहे. लोकांना हसविण्यासाठी खोटे बोलणाऱ्याचा प्रेषितांनी धिक्कार केला आहे, आणि ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे मानले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेमुळे जमावाने पाच निरपराध भटक्या बांधवांना ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीने बातमीची शहानिशा करण्याची मर्यादा त्याच्या चौदाशे वर्षे आधी घातलेली होती.

इर्शाळवाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला त्याच पडद्यावर वाचावयास मिळाली. मदतीसाठी निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढत असता हृदयविकाराने मरण पावले. आमच्या गटात ही बातमी आली तेव्हा तिच्याखाली कोणी एक अश्रूही टाकला नाही. तिला गाण्याची चाल नव्हती ना! मी स्वतः ती वाचून पुढे सरकलो होतो. दुसऱ्या दिवशी शोधून पुन्हा वाचली. सकाळी उठून जी ‘प्रेरणा’ आपण एकमेकांना पाठवितो, गुलाबाच्या चित्रावर सोनेरी अक्षरांत, तिच्यापेक्षा त्या बातमीच्या चार ओळींचे वजन मला अधिक वाटले. अपरात्री घाटात अपघात झाल्याचा निरोप मोबाइलवर येताच अंथरूण सोडून धावणारे तरुण आपल्या खोपोलीत आहेत. मोबाइल त्यांच्याही हातात तोच असतो.

मी ती चित्रफीत माझ्याकडून पुसून टाकली. ज्यांना पाठविली होती त्यांना पुसण्याची विनंती केली. काहींनी पुसली, काहींनी ‘एवढे काय त्यात’ म्हणून विचारले, आणि त्यांनी पुढे कोणाला पाठविली ते त्यांनाही आठवेना. अल्लाहच्या हक्कातील चूक तौबा केल्याने माफ होऊ शकते, परंतु दासांच्या हक्कातील चूक त्या दासाने माफ करावी लागते. ज्याने आपल्या भावाच्या अब्रूला धक्का लावला असेल त्याने दीनार-दिरहम निरुपयोगी ठरण्याच्या दिवसापूर्वी, आजच, त्याच्याकडून मोकळीक मिळवावी, अशी ताकीद सहीह बुखारीत आहे. सहीह मुस्लिममध्ये तर त्या दिवाळखोराचे वर्णन आहे, जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल आणि ते सारे, त्याने दुखविलेल्या माणसांत वाटले जाईल. मी विचार करीत होतो की, माझ्या नमाजी कोणाकडे जातील? ज्याचे नाव मला ठाऊक नाही त्याच्याकडे.

ऑगस्टमध्ये तो मला बाजारात दिसला. त्याची वाडी दुसरी होती. इर्शाळवाडीत त्याच्या नात्यातली माणसे होती, त्यांच्याविषयी तो फार बोलला नाही. मी त्याला बाजूला बोलावून सारे सांगितले आणि माफी मागितली. त्याने ती चित्रफीत कधी पाहिलीच नव्हती. त्याच्यापाशी तसा मोबाइल नव्हता. लोक आपल्याकडे पाहून हल्ली का हसतात, एवढेच त्याला कळत नव्हते.

“चाचा, त्यात माझी पाटी सांडलेली दिसते का?” त्याने विचारले. “सगळी भाजी गेली त्या दिवशी.”

मी म्हणालो, दिसते. ती मी इतक्यांदा पाहिली होती आणि भाजीकडे माझे लक्ष गेले नव्हते.

“आणि ती बाई?”

कोणती बाई, असे मी विचारले. तो पडल्यावर एक बाई, कडेवर मूल असताना, चिखलात वाकून जुड्या वेचू लागली होती. जेवढ्या धुऊन विकता येतील तेवढ्या तिने नळाखाली धरल्या, आणि त्यातल्या दोन स्वतः पैसे देऊन नेल्या. ती कोण, कुठली, त्याला माहीत नव्हते. चित्रफितीत ती असेल, तर तिला ओळखता येईल, अशी त्याची आशा होती.

ती त्यात नव्हती. ज्याने टिपले त्याने त्याआधीच मोबाइल खाली केला होता.

त्याने मला माफ केले, आणि वर टाकळ्याची एक जुडी घ्यावयास लावली. त्याचे नाव मी विचारून घेतले आहे. ते येथे छापण्याची परवानगी मात्र मी त्याच्याकडे मागितलेली नाही.