दात न बघता बैलाची किंमत

दार लावून घ्या. आज धडा होणार नाही. तुमच्या 44 वह्या या टेबलावर आहेत आणि काल रात्री बसून मी त्या सगळ्या वाचल्यात. त्यांच्याकडे येतोच. आधी कालच्या हसण्याचं बोलू.

विषय मीच दिला होता. घरात सध्या टीव्हीवर काय बघता आणि त्याबद्दल तुमचं मत काय, एक पान. तिसऱ्या बाकावरची पोरगी वाचायला उभी राहिली. तिनं लिहिलं होतं की तिच्या आजीला अजिबात ऐकू येत नाही, तरी आजी रोज जेवणं झाली की मालिका बघायला बसते. नुसत्या तोंडांकडे बघते आणि मधेच सांगते, हा खोटं बोलायलाय, ही आतून घाबरलीय. परवा आजी म्हणाली, "ही पोरगी रडायली खरं, पण हिचा हात पदराकडं जाईना. रडणाऱ्या बाईचा हात आधी पदराकडं जातो." एवढं वाचून झालं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. बहिरी म्हातारी आणि मालिका बघते, याचं तुम्हाला हसू आलं. ती पोरगी अर्ध्यावरच खाली बसली आणि वही मिटून घेतली. मी काल काही बोललो नाही, कारण त्या क्षणी बोललो असतो तर तोल गेला असता. रात्र गेली. राग गेला नाही.

आता वह्या. 19 वह्यांत लिहिलंय 'एकदम भारी'. 11 वह्यांत 'भंगार'. बाकीच्या बहुतेक वह्यांत 'टाइमपास', 'बोअर', 'घरचे बघतात म्हणून बघतो'. का भारी? लिहिलेलं नाही. कुठला प्रसंग भंगार? लिहिलेलं नाही. दोन वह्या तर शब्दाला शब्द सारख्या आहेत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मालिकेबद्दलचं स्वतःचं मतसुद्धा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेण्यापर्यंत तुमची मजल गेली?

आणि 'भंगार' हा शब्द किती सहज वापरता रे. भंगार घ्यायला गल्लीत येणारा माणूस बघा. तोसुद्धा आधी हातात घेऊन बघतो. लोखंड वेगळं काढतो, पितळ वेगळं, पत्रा वेगळा. मग तराजूत टाकतो आणि मग भाव सांगतो. तुम्ही तराजूच बाहेर काढला नाही आणि भाव सांगून मोकळे झालात.

माळेगाव आपल्याच लोहा तालुक्यात आहे. मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या निम्म्यांचे आजे-बाप तिथं जनावरं घेऊन गेलेत, काही जण अजून जातात. कधी त्यांच्या मागं उभं राहून बघितलंय का, लाल कंधारी बैलाचा सौदा कसा होतो? ते जनावर याच मातीतलं, कंधार-लोह्याच्या पट्ट्यातलं. घेणारा माणूस आधी लांबून बघतो. मग जवळ येतो, जबडा उघडून दात मोजतो, खूर बघतो, वशिंडावरून हात फिरवतो, मालकाला म्हणतो, जरा चालवून दाखवा. दहा पावलं पुढं, दहा पावलं मागं. पाय टाकताना कुठं कचरतोय का, ते बघतो. एवढं सगळं झाल्यावर उपरण्याखाली हात जातो आणि बोटं धरून किंमत ठरते. त्या माणसाला कदाचित सही करता येत नसेल, पण मत कसं बनवायचं हे त्याला कळतं. तुमच्यातल्या एकानं वहीत कबूल केलंय की त्यानं मालिकेचा एकही पूर्ण भाग बघितला नाही, मोबाईलवर आलेले अर्ध्या मिनिटाचे तुकडे बघितले. आणि खाली निकाल दिलाय: 'बकवास, बंद करा.' तुझ्या आज्यानं नुसती शेपटी बघून बैल घेतला असता, तर तुझं घर कधीच बसलं असतं.

त्याच यात्रेत तमाशाचे फड येतात, लावणी होते. जुनी माणसं रात्र-रात्र बघत बसायची आणि सकाळी चहा पिताना सांगायची, अमक्या गाण्यात ढोलकीवाला घाईला आला, अमकीचा आवाज पहाटे पहाटे मोकळा झाला. ही माणसं कुठल्या शाळेत परीक्षण लिहायला शिकली नव्हती. बघायची, मनापासून बघायची, एवढंच. मी हे लहानपणी माझ्या कानांनी ऐकलंय म्हणून तुमच्या वह्या वाचताना मला जास्त लागलं.

आता चुकांकडे या. सात वह्यांत एकच वाक्य आहे: 'आई कुठे काय करते ही अनुपमाची कॉपी होती.' सात जणांनी लिहिलं आणि एकानंही तपासलं नाही. 'आई कुठे काय करते' डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली. हिंदी 'अनुपमा' जुलै 2020 मध्ये. जी आधी आली तिनं नंतर येणाऱ्या मालिकेची नक्कल कशी केली? दोघींचं मूळ बंगालीत आहे, 2019 मधल्याच 'श्रीमोयी' या मालिकेत. एकाच विहिरीतलं पाणी दोन पाटांनी दोन शेतांत गेलं. आता इथून खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो प्रश्न फार चांगला आहे. कोलकात्यातली आई मराठी घरात आणताना काय बदललं? तिच्या सासूचं बोलणं बदललं का? नायिका अरुंधतीचं स्वयंपाकघर, तिचं गाणं, तिचा नवरा आपल्या ओळखीचा वाटतो तो कशामुळं? 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं लोकांनी ही बाई रोज घरात येऊ दिली, ती उगाच नाही. तुमच्या आयांनी हा प्रश्न स्वतःला कितीदा तरी विचारला असेल, भांडी घासता घासता. तुम्ही सात जणांनी तो 'कॉपी' या एका शब्दाखाली पुरून टाकला. आणि तुमच्या घरात ती मालिका बघणारी माणसं होती. त्यांना विचारायला उठून स्वयंपाकघरापर्यंत जावं लागलं असतं, तेवढंही झालं नाही.

याच मालिकेतल्या संजनाबद्दल एका वहीत जे लिहिलंय ते मी वर्गात वाचणार नाही. लिहिणाऱ्याला ते माहीत आहे, मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ. ती भूमिका रुपाली भोसले यांनी केली. तू शिवी पात्राला दिली नाहीस, त्या बाईंना दिलीस, त्यांचं नाव घालून, चपलेची भाषा करून. निळू फुले हे नाव तुम्ही ऐकलंय. पडद्यावरच्या त्यांच्या सरपंचाला आणि पाटलाला बघून गावोगावच्या बायका त्यांचा राग राग करायच्या. आणि तो माणूस प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात घडलेला, आयुष्यभर सामाजिक चळवळींना हात देणारा. लोकांना राग यावा इतकं ते काम चोख होतं. नटीनं खोटारडी बाई इतकी खरी उभी केली की तुझ्या तोंडात शिवी आली, तर ती कशी उभी केली हे लिहायचं होतंस. डोळा कुठं बारीक केला, आवाज कुठं खाली आणला, ते लिही. शिवी द्यायला बघावं लागत नाही. तू उद्या वही बदलून आणशील, आणि ते पान फाडून मला देशील.

'बिग बॉस मराठी'वर नऊ वह्या आहेत. पाचव्या पर्वात, 2024 ला, रितेश देशमुख सूत्रसंचालक म्हणून आले, त्यावर चौघांनी लिहिलंय, 'आपल्या लातूरचा माणूस आहे म्हणून आवडलं.' बाभळगावचे आहेत, खरं आहे, मलाही त्याचा आनंद आहे. पण तो आनंद झाला, मत कुठं आहे? त्यांनी कुणाला कधी बोलू दिलं, कुणाला मधेच थांबवलं, कुणाची चूक नाव घेऊन सांगितली, हे बघितलंत? उरलेल्या पाच वह्या सूरज चव्हाण जिंकायला हवा होता की नको, यावर भांडतायत. भांडा. पण पाचपैकी तीन वह्यांत त्याच्या दिसण्यावर आणि बोलण्यावर लिहिलंय, तो त्या घरात सत्तर दिवस कसा वागला यावर एक ओळ नाही. गरीब घरातल्या पोराच्या उच्चारांवर लोह्यात बसून तुम्ही हसता? उद्या तुम्ही पुण्याला जाल आणि तोंडातून 'काय करायलास' निघेल, तेव्हा तिथलं कोणी असंच हसलं तर कुठं तोंड लपवाल?

आणि बोलीची हीच गोष्ट मी 44 वह्यांत शोधत होतो. कुणीतरी लिहील अशी आशा होती. 'रात्रीस खेळ चाले' आली आणि मालवणी घराघरात गेली. 'तुझ्यात जीव रंगला'मुळं कोल्हापूरचं बोलणं गेलं, 'लागिरं झालं जी'नं साताऱ्याचं नेलं, 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकेनं नागपूरचं. तिकडच्या पोरांनी आपल्या आजीचं बोलणं पडद्यावर ऐकलं. आपलं? लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करून मराठवाड्याची बोली एकट्यानं रंगमंचावर उभी केली, मकरंद अनासपुऱ्यांनी ती सिनेमात नेली. रोज रात्री, वर्षानुवर्षं घरात येणारी मालिका आपल्या बोलीत किती वेळा आली? नांदेडकडचं 'करूलालो' नायकाच्या तोंडी तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? तुमच्यातल्या प्रत्येकाला हे रोज कानांनी कळतंय. ज्या गोष्टीवर या वर्गाइतका हक्कानं बोलणारा वर्ग मुंबईत सापडणार नाही, त्या गोष्टीवर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही, आणि 'टाइमपास' लिहून वही बंद केली. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

एकानं खाली लिहिलंय, 'सर, आपल्या मताला विचारतो कोण? टीआरपीवर सगळं चालतं.' प्रश्न विचारलास, ते बरं केलंस. नीट ऐक. टीआरपी मोजायला देशभरातल्या 50 हजारांहून जास्त घरांत यंत्रं बसवलेली असतात. त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज काढतात. घरातल्या प्रत्येक माणसाला बटण असतं, बघायला बसलं की दाबायचं. त्या यंत्राला एवढंच कळतं की टीव्ही चालू होता, अमुक वाहिनी लागली होती, समोर अमुक वयाची बाई बसली होती. ती बाई रडत होती की शेंगा निवडत होती, तिला काय खटकलं, ती रिमोट हातात असून का उठली नाही, हे यंत्राला कळत नाही. ते फक्त माणूस सांगू शकतो, शब्दांत. 'हम लोग' 1984 साली दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, आणि त्या मालिकेला 4 लाखांवर पत्रं आली. पोस्टात टाकलेली, हातानं लिहिलेली. लोकांनी विचार करून पत्र लिहिलं, तिकिटाला पैसे घातले, पेटीपर्यंत चालत गेले. त्यांनी असं विचारलं नाही की आपल्याला विचारतो कोण. तुझ्यासमोर एक कोरं पान ठेवून मी विचारत होतो, आणि तू त्यावर एका ओळीत कुरकुर लिहून दिलीस.

मालिका बघू नका असं मी म्हणत नाही. काही शिक्षक म्हणतात, मी म्हणणार नाही. दिवसभर रानात, दुकानात, चुलीपुढं राबलेलं माणूस रात्री तासभर कुणाच्या तरी गोष्टीत जाऊन बसतं, त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण बघायचं तर डोळे उघडून बघा आणि बोलायचं तर बघितलेलं बोला.

वह्या घेऊन जा. उद्या नवीन पान पाहिजे. आज रात्रीचा एकच भाग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यातला एकच प्रसंग निवडा. कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कुठं विश्वास बसला, कुठं उडाला. घरात कोण काय म्हणालं ते त्यांच्याच बोलीत लिहा, सुधारून लिहू नका. 'भारी' आणि 'भंगार' हे दोन शब्द ज्या वहीत दिसतील ती वही मी परत देईन. ज्यांच्या घरी टीव्ही नाही किंवा रात्री वीज नव्हती, त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं की त्यांनी बघितलेली पहिली मालिका कुठली आणि त्यातलं आजवर काय आठवतं. काल हसलेल्यांनी मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकापाशी जायचं. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही.

आणि तू, बाळ, वही उघड. अर्ध्यावर थांबली होतीस तिथून पुढं वाच. आज कोणी हसणार नाही. आणि घरी गेल्यावर आजीला माझा निरोप सांग, कानाशी ओरडून नको, समोर बसून सावकाश सांग म्हणजे तोंडाकडे बघून त्यांना कळेल. म्हणावं, काल रात्री सरांनी तो भाग बघितला. तिचा हात खरंच पदराकडं गेला नाही.