परस्परांस धीर देणे

प्रियजनहो, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषितांच्या काळच्या मंडळीस परस्परांस बोध करण्याची आज्ञा केली आहे. तीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. हे काम केवळ पाळकावर सोपविलेले नाही, ते सर्वांचे आहे. आणि ते रविवारापुरते नाही, प्रतिदिवसाचे आहे.

महागाव तालुक्यातील मंडळ्यांस ही आज्ञा फार जवळची वाटावी. पूस नदीकडील या मुलखात कापूस, सोयाबीन व तूर यांवर घरे चालतात. पाऊस हुकला, बोंडअळी पडली किंवा भाव उतरला, म्हणजे कर्ज चढते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख साऱ्या देशास ठाऊक आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत हा जिल्हा होता. २०१७ साली पिकांवरील फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात अनेकांचे प्राण गेले.

कर्जाचे ओझे एकट्याने वाहणारा मनुष्य प्रथम बोलणे टाकतो. मग तो उपासनेस येणे टाकतो, कारण कोणी काही विचारील याची त्यास लाज वाटते. अशा वेळी आपण चटकन म्हणतो, "त्याचा विश्वास थंडावला." परंतु त्याच्या दाराशी आपण गेलो होतो काय, हा प्रश्न प्रभु आपणांस विचारील.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील बर्णबा पाहा. तो कुप्र बेटाचा लेवी, नाव योसेफ. प्रेषितांनीच त्यास बोधपुत्र या अर्थाचे हे दुसरे नाव दिले. त्याने पुष्कळ भाषणे केली म्हणून ते मिळाले असे नव्हे. त्याने आपले शेत विकून पैसा मंडळीसाठी दिला. यरुशलेमातील शिष्य शौलास भीत होते, तेव्हा त्याने शौलास प्रेषितांकडे नेले. मार्क अर्ध्या वाटेवरून परतला होता, म्हणून पौल त्यास पुन्हा बरोबर घेईना. बर्णबाने मात्र त्यास घेतले. त्याच मार्काविषयी पौलाने पुढे तीमथ्यास लिहिले की, त्यास घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्या वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. ताटातुटीचे ते दिवस उभयतांस फार कठीण गेले. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई स्वतःच्या विश्वासाने प्रभूकडे आल्या. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनीच रचला. ज्याची आपण धीराने वाट पाहतो, तोच उद्या आपले अपुरे काम हाती घेईल, हे आपणांस कोठे ठाऊक असते?

तर आपण काय करावे? जो दोन रविवार दिसला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जावे. बसावे, आणि त्यास बोलू द्यावे. त्याच्या चुका मोजू नयेत. "विश्वास ठेवा" एवढे बोलून उठू नये. वेचणीस हात लावावा, बँकेत किंवा तलाठ्याकडे जाणे असल्यास सोबत जावे, आणि मग प्रार्थना करावी. त्याने सांगितलेले पारावर नेऊ नये. मात्र कोणी जीव देण्याची भाषा करील, तर तेथे गुप्तता नको. त्यास एकटे सोडू नये, घरच्यांस कळवावे व सरकारी दवाखान्यात न्यावे. जीव राखणे ही प्रभूची सेवाच होय.

उपदेशकबंधूंविषयीही एक शब्द. जो गावोगाव इतरांस धीर देतो, त्यास धीर कोण देणार? रफीदीम येथे मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी ते दोहोंकडून धरून ठेवले आणि सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. मोशेचेही हात थकतात, हे मंडळीने विसरू नये. उपदेशकाच्या घरची चूल, त्याच्या मुलांचे आजार, त्याचे खचलेले मन यांची विचारपूस करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

प्रियजनहो, हा लेख वाचताना ज्या एका घराची आपणांस आठवण झाली, त्या घराकडे आजच जा. उद्यावर टाकू नका. सर्व सांत्वनाचा देव आपणां सर्वांस परस्परांचे साहाय्यकर्ते करो. आमेन.