बंद व्हॉल्व्ह

आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगच्या छताखालून लाल पाइप जातो. दोन वर्षांपूर्वी त्याचा एक सांधा गळू लागला, म्हणून कुणीतरी पंपघरातला व्हॉल्व्ह बंद केला. गळती थांबली आणि विषयही मिटला. पुढचे अकरा महिने त्या लाइनवरच्या एकाही स्प्रिंकलरपर्यंत पाणी पोचत नव्हते. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे सहामाही प्रमाणपत्र मात्र वेळेवर येत राहिले.

स्प्रिंकलर हे फार साधे उपकरण आहे. त्याच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची छोटी कुपी असते. लाल द्रवाची कुपी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि तेवढ्याच तोंडातून पाणी सुटते. एका ठिकाणी धूर झाला की सगळ्या मजल्यावर धो धो पाऊस पडतो, हा समज चित्रपटांनी पसरवला. त्या भीतीपोटी लोक पीओपी करताना स्प्रिंकलर झाकून टाकतात. खरे तर आग कचऱ्याच्या डब्याएवढी असतानाच तिच्यावर पाणी पडावे, यासाठी ही सारी खटपट. अग्निशमन दलाची गाडी कितीही वेगाने आली तरी त्या क्षणी ती तिथे नसते.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर व भोगवटादारावर टाकली. परवानाधारक एजन्सीने तपासणी करायची आणि दर जानेवारीत व जुलैत प्रमाणपत्र सादर करायचे. हयगय झाली तर नोटीस आणि पुढे खटला. जबाबदारी राहणाऱ्यांवर टाकणे मला योग्यच वाटते. घर आपले, तर त्याची राखणही आपली. पण या कायद्याला हुकूम देता येतो, हात देता येत नाही.

6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीला आग लागली. तळमजल्यावरच्या पार्किंगमधून धूर वर चढला आणि किमान सात जणांचा जीव गेला. अशा इमारतींचा विचार केला की दंडाची भाषा अपुरी पडते. विकासक ताबा देऊन निघून जातो. मागे उरतात महिन्याची वर्गणी भरतानाही ओढाताण होणारी कुटुंबे, आणि त्यांच्या नावावर पंप, टाकी, पाइप. नोटिशीतून पंपाचे पैसे कुठून उभे राहणार?

अमेरिकेत 20 फेब्रुवारी 2003 ला ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये लागलेल्या आगीत 100 माणसे गेली. तिथे स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर सक्ती वाढवण्याबरोबरच करसवलतीचीही मागणी झाली. 2017 च्या करकायद्याने अखेर व्यापारी इमारतींत आगीपासून संरक्षणाची यंत्रणा बसवण्याचा खर्च, ठरावीक मर्यादेत, त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली. एरवी तो घसाऱ्यातून वसूल व्हायला 39 वर्षे लागत. वेल्सने दुसरी वाट धरली: 2011 मध्ये कायदा केला आणि 2016 पासून प्रत्येक नव्या घरात स्प्रिंकलर सक्तीचे झाले. नव्या घरांसाठी वेल्सची वाट बरोबर. जुन्यांसाठी पैशाची सोय हवीच.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुणे महापालिका सौर बंब, गांडूळखत, पावसाच्या पाण्याची साठवण यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सूट देते. पावसाचे पाणी साठवणाऱ्याला जी सवलत मिळते, ती छतात पाणी तयार ठेवणाऱ्या जुन्या सोसायटीला का मिळू नये? कायद्याने जे करायलाच हवे त्याचे बक्षीस कशाला, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे, म्हणून सूट बसवण्याला नको, चालू ठेवण्याला हवी. दर सहा महिन्यांनी रहिवाशांसमक्ष लाइनच्या शेवटच्या टोकाला चाचणीची तोटी उघडावी, पाण्याचा दाब मोजावा आणि त्या आकड्यावर सवलत ठरावी. पुनर्वसन इमारतींत मात्र सवलतीने भागणार नाही. तिथे दुरुस्तीचा खर्च सरकारनेच उचलावा. ती घरे सरकारी योजनेतून उभी राहिली आहेत.

आमचा सांधा आता बदलला आहे, व्हॉल्व्ह उघडा आहे. जुना पंप बदलण्याचा ठराव मात्र सर्वसाधारण सभेत दोनदा आला आणि दोन्ही वेळा लिफ्टच्या रंगकामामागे गेला.