मजुरी दिली म्हणजे ऋण फिटले काय?

ज्याच्याकडे कोणाची बाकी नाही तो मनुष्य सज्जन, असे आपण सर्वच मानतो. असा मनुष्य बाजारातून मान ताठ ठेवून चालतो. आम्हीही स्वतःस अशांपैकीच एक समजत होतो. परंतु चामोर्शीच्या आठवडी बाजारात एके दिवशी आमची मान खाली गेली. ती कशामुळे गेली हे सांगून आजच्या प्रश्नास आरंभ करितो.

मृग लागण्यापूर्वी आम्ही घरावरील कवेलू फेरण्यास एक मजूर लाविला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पाय घसरला, तो छपरावरून अंगणात पडला व त्याचे उजवे मनगट मोडले. आम्ही त्यास पाणी पाजिले, दुचाकीवर बसवून दवाखान्यात नेले आणि पुऱ्या तीन दिवसांची मजुरी त्याच्या डाव्या हातावर ठेविली. काम अर्धवट राहिले असताही एक पैसा कापिला नाही, याबद्दल मनात थोडे समाधानही मानिले. पुढे दीड महिन्याने तो बाजारात भेटला. हात अजून गळ्यातील फडक्यात अडकविलेला होता. त्यानेच प्रथम जोहार केला आणि विचारिले, "गुरुजी, घर गरते का जी अजून?" त्यास आमच्या छपराची काळजी होती, आणि आम्हांस त्याच्या हाताचे स्मरणही राहिले नव्हते. उत्तर देऊ लागलो, तो त्याचे नावसुद्धा ओठांवर येईना.

त्या रात्री आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तोच वाचकांपुढे ठेवितो. ठरलेली मजुरी पुरी दिली म्हणजे मजुराचे ऋण फिटते काय?

आपल्या ह्या मुलुखात हा प्रश्न घरोघरचा आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि चामोर्शी हे त्यातील एका तालुक्याचे ठिकाण होय. हे काही वैभवाचे शहर नव्हे. हे हातांनी काम करणारांचे गाव आहे. पावसाळ्यात बायका पऱ्हे उपटितात, त्यांच्या पेंढ्या बांधितात आणि गुडघाभर चिखलात दिवसभर कंबर वाकवून धानाची रोवणी करितात. वैनगंगेवर व तलावांवर ढिवर बांधव जाळे टाकितात. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली बंगाली कुटुंबे ह्याच तालुक्यात वसली आणि त्यांनीही येथील मातीतच आपले घर व शेत उभे केले. बाजाराच्या दिवशी मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली ह्या चारही भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात, आणि त्या बोलणारांच्या तळहातांवर घट्टे मात्र सारखेच असतात.

तेंदूच्या हंगामाचेच पाहा. वैशाखाच्या उन्हात कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे रानात शिरतात. एका पुड्यात ७० पाने बांधावयाची, आणि असे १००० पुडे झाले म्हणजे एक प्रमाणित गोणी होते. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने झाली. त्यांतील प्रत्येक पान कोणीतरी बोटांनी खुडिले, पारखिले आणि दुसऱ्यावर रचिले. फळीवर पुडे मोजिले जातात. बोटे कोणी मोजीत नाही.

आता कोणी म्हणेल, "हे सारे खरे, परंतु व्यवहार तो व्यवहार. दोघांनी मिळून भाव ठरविला, एकाने काम केले, दुसऱ्याने पैसे दिले. यापुढे मागणे म्हणजे न्याय सोडून दयेची भाषा बोलणे होय." ह्या म्हणण्यात बळ आहे आणि ते आम्ही हलके लेखीत नाही. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी वेठबिगार केली आहे. कित्येक सालगडी "घरचाच माणूस" म्हणविले गेले, आणि घरचाच म्हणून त्यांचे दाणे मापात कमी पडले. गोड बोलून मजुरी बुडविणाऱ्या धन्यापेक्षा तोंडातून शब्द न काढता पुरे पैसे देणारा धनी शतपट बरा. रोख मजुरीने पुष्कळांची मान मोकळी केली आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असा दंडक आहे. यास्तव मजुरी ही पहिली गोष्ट होय, यात संशय नाही. जो तीच देत नाही त्याने प्रेमाची भाषा बोलूच नये.

परंतु पहिली गोष्ट तीच शेवटची, असे मात्र नव्हे. आपल्याकडील इर्जिकेची रीत आठवा. शेजारी आपापली अवजारे घेऊन येतात, एकाचे शेत उरकून देतात आणि संध्याकाळी एका पंगतीस जेवून घरी जातात. तेथे पैसा हातातून हातात जात नाही, म्हणून ऋण उरले असे प्रत्येकास ठाऊक असते. पुढे शेजाऱ्याचे काम निघाले म्हणजे तो न बोलावता जातो. मग जेथे पैसा दिला तेथे तेवढ्यानेच ऋण नाहीसे कसे झाले? वस्तुतः पैशाने आपण कामाच्या वेळेचा मोबदला दिला. मोडलेले मनगट, वाकलेली कंबर, म्हातारपणी जाणारी दृष्टी, ह्यांचा भाव ठरतेवेळी कोणीच केला नव्हता.

हे आमचे नवे तर्कट नव्हे. कामकरी लोकांनी स्वतःच ते फार पूर्वी सांगितले आहे. १८८४ साली मुंबईत जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे ५,५०० कामकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात त्यांनी काय मागितले? आठवड्यातून रविवारी एक दिवस विसावा. दुपारी अर्ध्या तासाची सुटी. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामात इजा झाली तर बरे होईतो पगार, व जन्माचे पांगळेपण आले तर निर्वाहाची सोय. वाचकहो, ह्या पाच मागण्या पुन्हा वाचा. ह्यांत मजुरीचा दर वाढवा अशी मागणी नाही! पोट अर्धे असताही त्या लोकांनी प्रथम हे मागितले की आम्हांस यंत्राचा तुकडा समजू नका. आम्ही थकणारी, दुखावणारी, घरी वाट पाहणारी मुले असलेली माणसे आहो. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ज्या रविवारी आपण स्वस्थपणे उपासनेस बसतो, तो दिवस कामकऱ्यांस मोकळा मिळावा म्हणून किती जणांनी खटपट केली याची आठवण आपण ठेवितो काय? पुढे कामात इजा पावलेल्या कामकऱ्यास भरपाई मिळावी म्हणून आपल्या देशात १९२३ साली कायदाही झाला. लोखंडे यांच्या अर्जानंतर त्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

आपल्या तालुक्यास हा विचार आता अधिकच जवळचा झाला आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघत आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. ज्या तरुणाचा बाप बांधीत नांगर धरीत होता तो आता भट्टीजवळ उभा राहतो किंवा मालमोटार हाकतो. नियमित पगार मिळतो, घरात धान्य येते, पोरे शाळेत जातात. हे चांगलेच आहे. परंतु रोवणीत मालक व मजूर निदान एकमेकांचे तोंड पाहत होते. कारखान्याचे लोखंड ज्याच्या घराच्या छतात जाईल तो मनुष्य भट्टीजवळच्या तरुणास कधीच पाहणार नाही. तोंड दिसेनासे झाले म्हणजे "पैसे दिले, संपले" असे म्हणणे फार सोपे होते. आम्ही तर तोंड पाहूनही विसरलो. मग न पाहणाराची काय कथा?

आपल्याच तालुक्यातील मार्कंड्याचे देवालय पाहा. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर त्याचे वर्णन लिहिले, आणि आजही महाशिवरात्रीस हजारो लोक तेथे जातात. ऋषीचे नाव सर्वांस ठाऊक आहे. ज्या पाथरवटांनी त्या शिळा घडविल्या त्यांस त्यांचा मेहनताना मिळाला असेल. तरी त्या मूर्तींपुढे उभे राहिले असता आपले त्यांच्याशी काही देणे उरले नाही, असे कोण म्हणेल?

तर मग आपण करावे काय? मोठे कायदे करणे आपल्या हाती नाही; पण चार गोष्टी आहेत. ज्यास कामास लावितो त्याचे नाव विचारावे आणि नावाने हाक मारावी. मजुरी पुरी द्यावी व त्याच दिवशी द्यावी. काम करिता त्यास इजा झाली तर तो बरा होईतो त्याच्या घरी धान्य आहे की नाही हे पाहावे. आणि आपल्या शिकलेल्या मुलांस बापाच्या चिखलाने भरलेल्या हातांची लाज वाटू लागली असेल, तर तो दोष शाळेवर न लोटता आपण घरात मजुराविषयी कसे बोलतो ते आठवावे. मजुरानेही ध्यानात ठेवावे की ऋण दोहों बाजूंचे असते. मोडक्या हाताने बाजारात उभा असता ज्याने दुसऱ्याच्या छपराची चौकशी केली, त्याने ते आम्हांपेक्षा चांगले जाणिले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. नाव विचारिले, तेव्हा तो हसला. हात बरा होईपर्यंत लागणाऱ्या दाण्यांची व्यवस्था आम्ही केली. ऋण फिटले असे मात्र आम्ही म्हणत नाही. ते होते, आणि आम्ही ते फेडलेल्या हिशेबात लिहून मोकळे झालो होतो, एवढेच कळले. आता रोवणीचे दिवस येतील. वाचकहो, आपल्या बांधीत ज्या बाया उतरतील, त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय?