नाल ठोकावी की न ठोकावी? : मुक्या जिवाच्या अमानतीचा प्रश्न

पवित्र कुरआनातील शंभरावी सूरह, सूरह अल-आदियात, धापा टाकत दौडणाऱ्या आणि टापांच्या आघाताने ठिणग्या उडवणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. त्यानंतर लगेच विषय वळतो तो माणसाकडे, त्याच्या कृतघ्नतेकडे. अनेक भाष्यकारांनी या दोहोंमधील संबंध असा उलगडला आहे : घोडा आपल्या मालकाशी इमान राखतो, दाणावैरणीच्या बदल्यात जीव धोक्यात घालतो, माणूस मात्र आपल्या पालनकर्त्याचे उपकार विसरतो. वाचकहो, ज्या टापांचा उल्लेख अल्लाहने आपल्या ग्रंथात केला, त्या टापांविषयी एक साधा प्रश्न आज आपण विचारात घेऊ. घोड्याच्या पायाला नाल ठोकावी की त्याला अनवाणी ठेवावे?

हा प्रश्न घोडेवाल्याचा आणि नालबंदाचा आहे, त्याचा धर्माशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल. परंतु या निर्णयाचा लाभ एकाला मिळतो आणि वेदना दुसऱ्याला सोसावी लागते. ज्याला सोसावी लागते, त्याला बोलता येत नाही. जेथे असे घडते, तेथे प्रश्न अमानतीचा होतो आणि अमानतीचा हिशेब आखिरतमध्ये द्यावा लागतो.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. खूर म्हणजे घोड्याचे नखच. त्याची बाहेरील भिंत आपल्या नखासारखी संवेदनाहीन असते. आतील भाग मात्र रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेला, जिवंत असतो. नालेचा खिळा बाहेरच्या भिंतीतच राहिला तर घोड्याला दुखत नाही. तो किंचित आत सरकला की घोडा लंगडू लागतो. खूर महिन्याला साधारणपणे ६ ते १० मिलिमीटर वाढतो. मोकळ्या रानात फिरणाऱ्या घोड्याच्या खुराची वाढ आणि झीज यांचा मेळ आपोआप बसतो. डांबर, दगड आणि पाठीवरचे ओझे यांमुळे झीज वाढीपेक्षा अधिक होऊ लागली की तळवा उघडा पडतो व ठेचकाळतो. अशा वेळी नाल पायाचे रक्षण करते. पण तिची किंमतही आहे. पाऊल टेकताना खूर किंचित फाकतो आणि धक्का शोषतो. लोखंड त्या हालचालीला काही प्रमाणात अडवते. शिवाय नालेखाली खूर झिजत नाही, वाढतच राहतो. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून ती पुन्हा बसवावी लागते.

आता काही लोक म्हणतील, ‘अल्लाहने घोड्याला जसे निर्माण केले तसेच राहू द्यावे, लोखंड ठोकणे म्हणजे त्याच्या निर्मितीत ढवळाढवळ.’ सूरह अन-निसामध्ये जनावरांचे कान चिरणे आणि अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे हे सैतानाच्या बहकावण्याचे फलित म्हणून सांगितले आहे, हे खरे. पण तेथे निषेध आहे तो निरर्थक, अंधश्रद्धेपोटी केलेल्या विद्रूपतेचा. सहीह हदीसमध्ये दोन प्रसंग आढळतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जकातीच्या उंटांवर ओळखीसाठी स्वतःच्या हाताने डाग दिला. त्याच प्रेषितांनी (स.) चेहऱ्यावर डाग दिलेले एक गाढव पाहिले, तेव्हा असे करणाऱ्याचा धिक्कार केला. कृती एकच, एके ठिकाणी खरी गरज होती आणि जागाही सोसवेल अशी होती, दुसऱ्या ठिकाणी मर्यादा ओलांडली गेली होती. यावरून आपल्या प्रश्नालाही दिशा मिळते.

फिक्हशास्त्राचा एक सर्वमान्य नियम आहे : गरजेमुळे मिळालेली सवलत गरजेच्या मापापुरतीच असते. हा नियम घोड्याच्या पायाला लावून पाहा. नाल ठोकण्यास गरज हे कारण असेल, तर प्रथम विचारावे लागेल : गरज कोणाची? घोड्याची की माझ्या सोयीची? कोणत्या जमिनीवर, किती तास, किती ओझ्यासह? ऊसतोडणीच्या हंगामात डांबरी रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलाला पत्री मारतात, कारण ती त्याच्या खुरांची गरज असते. पण हंगाम संपून जनावर मऊ जमिनीवर विश्रांती घेत असेल, तेव्हा तीच गरज उरली आहे काय? ‘आमच्याकडे नेहमी ठोकतात’ हे याचे उत्तर नव्हे. पूर्वजांची चाल म्हणून डोळे मिटून चालण्याची सवय कुरआनने वारंवार दोषास्पद ठरवली आहे.

दुसऱ्या बाजूची फसवणूकही ओळखली पाहिजे. ‘नैसर्गिक’ या सुंदर शब्दाआड आळस लपू शकतो. रानातील घोडा रोज कित्येक मैल मोकळा चालतो, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. ओल्या लिदीत दिवसभर बांधून ठेवलेला आणि संध्याकाळी खडीवरून पळवलेला घोडा अनवाणी असला म्हणून नैसर्गिक ठरत नाही. अनवाणी ठेवायचे तर कोरडे ठाण हवे, पुरेसे चालणे हवे, खूर वेळोवेळी तासणे हवे; नाल नुकतीच काढली असेल तर खूर कणखर होईपर्यंत काही महिने हलके काम हवे. नालेचा खर्च वाचवणे हाच हेतू असेल, तर ती दया नव्हे. आणि एकदा ठोकून तीन-तीन महिने न पाहिलेली नाल हीदेखील दया नव्हे. दोन्ही घरांत पाप एकच आहे, गफलत.

जुन्या इस्लामी समाजाने हा विषय क्षुल्लक मानला नव्हता. अरबीत ‘बैतार’ हा शब्द पशुवैद्य आणि नालबंद दोघांसाठी होता. बाराव्या शतकात शाममधील अश्-शैजरी यांनी बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबासाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात बैतारांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही, म्हणून त्याचा इलाज माणसाच्या इलाजापेक्षा कठीण, असा विचार तेथे मांडला आहे. तेराव्या शतकातील थोर फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे माणसावरील हक्क क्रमाने नोंदवले : जनावर म्हातारे वा आजारी होऊन उपयोगाचे उरले नाही तरी त्याचे पोषण करावे, त्याच्यावर शक्तीबाहेर ओझे लादू नये. हे हक्क आहेत, भीक नव्हे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांकडे घोडा नाही. तरीही आपण या प्रश्नातून सुटलो असे समजू नये. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये आपली मुले घोड्यावर बसतात. तेथील लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले, तेव्हा त्यावरून घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार होती आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे जमीन बदलली की कालचा योग्य निर्णय आज तपासावा लागतो, आणि जमीन बदलणारे बहुधा घोड्याचे मालक नसतात. आपल्या लग्नात वरासाठी घोडी येते. डांबरावर, फटाक्यांच्या धुरात तासन्‌तास उभी राहते. भाडे ठरवताना आपण घासाघीस करतो. त्या घासाघिशीतून कमी झालेले पैसे कदाचित पुढच्या नालबंदीचेच असतात. मग मालकाला दोष देऊन आपण मोकळे कसे होणार? आणि नवल हे की, घोड्याची नाल बरकतीसाठी दारावर ठोकणारे लोक आपल्यातही आहेत! बरकत लोखंडात नाही. ज्याच्या पायातून ती निघाली, त्या जिवाशी आपण कसे वागलो, याला अल्लाहपाशी मोल आहे.

प्रेषितांनी (स.) सांगितले की घोडा एकाला पुण्याचे कारण ठरतो, दुसऱ्याला पडदा ठरतो आणि तिसऱ्याला ओझे. जनावर तेच, फरक पडतो तो बाळगणाऱ्याच्या नियतीने आणि हक्क जपण्याने. म्हणून ‘नाल की अनवाणी’ याचे एकच ठरीव उत्तर शरीअतमध्ये शोधू नये. शरीअत सांगते ते असे : पाय उचलून पाहा, जाणकाराला विचारा, गरजेपुरते करा, आणि पाच आठवड्यांनी पुन्हा पाहा. मालक असाल तर स्वतः पाहा. स्वार असाल तर बसण्यापूर्वी त्या चार पायांकडे एकदा नजर टाका. घोडा लंगडत असेल तर उतरा, मात्र घोडेवाल्याची मजुरी बुडवू नका, कारण त्याच्या घरीही लेकरे आहेत.

अल्लाह आपल्याला बोलू न शकणाऱ्यांचे ऐकण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.