टोपणनाव आणि तपास

(जिल्हा न्यायाधीशाच्या पदावरून निवृत्त झालेले आप्पा आणि विकिपीडियावर लेखन-संपादन करणारी त्यांची पुतणी वासंती यांच्यातील संभाषण.)

वासंती : आप्पा, आमच्या एका सहकारी संपादिकेला चार निरनिराळ्या नावांनी कोणी अश्लाघ्य मजकूर लिहीत आहे, आणि नावे चार असली तरी वाक्यांची ठेवण, शुद्धलेखनाचे प्रमाद, फार काय लिहिण्याची वेळसुद्धा इतकी एकसारखी आहे की हात एकच असावा याविषयी मला शंका उरलेली नाही. खात्यांमागचे आयपी पत्ते पाहण्याचा अधिकार 'चेकयूझर' म्हणून नेमलेल्या मोजक्या सदस्यांनाच असतो, आणि ती माहितीही ९० दिवसांनी नष्ट होते. बिचारी धैर्य गोळा करून फिर्यादीला तयार झाली, तोवर पहिल्या खात्याची मुदत उलटून गेली. याला इन्साफ म्हणावे काय?

आप्पा : नाही म्हणवत. परंतु जे दफ्तर तिच्या रक्षणासाठी तू कायमचे जपू पाहतेस, ते उद्या कोणाच्या मागणीवरून उघडले जाईल याची हमी तुला देता येईल का? २०२४ साली एका वृत्तसंस्थेने विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर गुदरलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तीन संपादकांचा तपशील मागितलाच होता. पुढे नावे जाहीर न करता फाउंडेशनमार्फत समन्स बजावण्याची तडजोड झाली म्हणून निभावले. गोपाळ हरी देशमुखांनी सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये जी पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाच्या आडोशावाचून तितक्या निर्भीडपणे लिहिली गेली असती, असे मला वाटत नाही.

वासंती : त्यांनी तो आडोसा समाजातील बलिष्ठांना चार शब्द सुनावण्यासाठी घेतला, हा मनुष्य एका एकाकी स्त्रीला लेखनातून हुसकून लावण्यासाठी घेतो. तिच्या घराचा पत्ता जाहीर करण्याची धमकी देणाऱ्याने स्वतःच्या पत्त्याच्या गोपनीयतेचा हक्क सांगावा, ही विपरीत गोष्ट मला सोसवत नाही.

आप्पा : तुझा संताप रास्त आहे. पण पडदा दूर सारण्यापूर्वी आत निर्भीड लेखक आहे की छळ करणारा, हे तपासनिसाला निश्चित कसे कळावे? म्हणून मी प्रथम तपासनिसाकडेच पाहतो. त्याने दफ्तर कोणत्या कारणासाठी उघडले याची नोंद राहते काय, आणि ती दुसरा कोणी वाचतो काय?

वासंती : राहते, कारणासह, आणि ती इतर चेकयूझरांना दिसते. एकमेकांवर नजर असावी म्हणून एका प्रकल्पात असा अधिकारी एकटा ठेवीत नाहीत, किमान दोघे लागतात. शिवाय गोपनीयतेचा भंग झाल्याच्या तक्रारींसाठी निराळा लोकपाल आयोग आहे.

आप्पा : ही व्यवस्था मला मान्य आहे. मात्र पत्ता हाती आला म्हणजे माणूस हाती आला, असे समजू नकोस.

वासंती : तेही खरे, मोबाइल कंपन्या एकाच वेळी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे नुसत्या पत्त्यावर विसंबले तर भलत्याच माणसावर बालंट यायचे.

आप्पा : कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावरची पत्रे खरी समजून छापली, ती बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध असलेल्या, इतक्या बुद्धिमान माणसांनाही हाती आलेल्या कागदाने चकविले, हे ज्याला पुरावा पारखायचा आहे त्याने कधी विसरू नये. बरे, ९० दिवसांनंतर तुमच्यापाशी काहीच उरत नाही काय?

वासंती : उरते तर! प्रत्येक संपादन तारीखवेळेसह पानाच्या इतिहासात राहते. गलिच्छ मजकूर लोकांपासून लपविला, तरी प्रचालकांना तो पाहता येतो.

आप्पा : मग पहिल्या खात्याविरुद्ध त्या लेखनाचीच साक्ष काढा, खाते बंद करण्यासाठी त्यामागच्या माणसाचे नाव कळावे लागत नाही. मजकूर पडताळून निर्णय करा, पत्ता पाहावा लागला तर तेवढ्यापुरता पाहा आणि निष्कर्षच जाहीर करा. धमकीची फिर्याद मात्र पोलिसांत गेली पाहिजे, तेथे संकोच नको. उरलेली तीन खाती केव्हाची?

वासंती : गेल्या दोन महिन्यांतली.

आप्पा : म्हणजे त्यांची मुदत अजून शिल्लक आहे. तिला सोबत घेऊन बस, आणि अर्ज आजच लिही.