विक्रोळीचा फ्रिज, तारापूरचे माग

२००८ साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, सहाशेच्या आसपास बायका एका कार्यक्रमाला जमल्या होत्या. बोलावणं होतं विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीचं आणि विषय होता फ्रिज. तो केवढा हवा, त्यात काय ठेवायचं, घरात तो कुठे ठेवणार, असं सगळं कंपनीला त्यांच्याकडून जाणून घ्यायचं होतं. ज्या घरात फ्रिज कधी आलाच नाही, त्या घरातल्या बाईला फ्रिज कसा असावा हे विचारणं तेव्हा नवं होतं.

या कार्यक्रमाची मुळं हार्वर्डपर्यंत जातात. तिथले प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात एक सिद्धान्त मांडला होता. मोठ्या कंपन्या आपल्या चांगल्या गिऱ्हाइकाला खूश ठेवण्याच्या नादात माल अधिकाधिक भारी आणि महाग करत जातात. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. मग कुणीतरी साधी, स्वस्त वस्तू घेऊन खालून बाजारात शिरतो आणि जुन्या कंपन्यांच्या पायाखालची वाळू सरकते. विक्रोळीत १९५८ पासून फ्रिज बनत होते, तरीही २००८ च्या सुमारास देशातल्या पाचांतल्या चार घरांत फ्रिज नव्हता. सिद्धान्त ताडून पाहायला याहून चांगलं मैदान मिळालं नसतं.

त्यातून ‘छोटूकूल’ जन्माला आला. कॉम्प्रेसर नाही, त्याऐवजी थंडावा देणारी एक चिप आणि पंखा. वजन आठ किलोच्या आत, म्हणजे एकट्या माणसाला उचलून नेता येईल एवढं. साध्या फ्रिजला दोनशेच्या घरात भाग लागतात, इथे वीसच्या आसपास. दार पुढून न उघडता झाकण वरून उघडायचं, म्हणजे गारवा बाहेर सांडत नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालायचा. किंमत साधारण सव्वातीन हजार. विक्रीसाठी दुकानांच्या साखळीऐवजी टपाल खात्याची मदत घेऊन पाहिली गेली. गावात पोस्टमन सगळ्यांना ओळखतो, हा त्यामागचा विचार.

वस्तू हुशारीने घडवलेली होती, यात वाद नाही. पण खेड्यात ती अपेक्षेइतकी खपली नाही. पुढे कंपनीने मोर्चा शहराकडे वळवला आणि गाडीत न्यायला, हॉटेलच्या खोलीत ठेवायला, दुसरा फ्रिज म्हणून ती विकली जाऊ लागली.

असं का झालं असावं? त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाचे तास दिवसाच्या निम्म्यापर्यंत जात. छोटूकूलची बॅटरी म्हणजे खरं तर सरकारी वीजधोरणाच्या अपयशावरचा उपाय होता. अपयश कायमचं धरून चाललेल्या वस्तूवर माणूस सहजी पैसे टाकत नाही, वीज सुधारेपर्यंत थांबतो. शिवाय फ्रिज म्हणजे नुसता दूध टिकवायचा डबा नव्हे. तो घरात आल्याचं शेजारीपाजारी पाहतात, लग्नाच्या बोलण्यांत त्याचा उल्लेख होतो. बर्फ न होणारा, वरून उघडायचा लहानसा डबा ती जागा घेऊ शकत नाही. सव्वातीन हजार खर्च करण्यापेक्षा आणखी वर्षभर कळ काढून ‘खरा’ फ्रिज हप्त्याने घ्यावा, हा हिशेब अडाणीपणाचा नाही, पक्का व्यवहारी आहे. सिद्धान्ताने गिऱ्हाइकाची गरज अचूक हेरली, त्याची इच्छा मात्र मोजली नाही.

व्यवसायाच्या अभ्यासाचं मोल इथेच कळतं. माणूस अपेक्षेप्रमाणे वागला नाही की दोष त्याच्यावर ढकलायची सवय फार जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांइतका या सवयीचा अनुभव क्वचितच कुणाला आला असेल. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ साली जगभरच्या कापडगिरण्यांची आकडेवारी मांडली. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जवळपास सहा भारतीय कामगारांइतकं काम उरकत होता. यंत्रं तर बहुतेक त्याच विलायती बनावटीची. मग फरक कामगारातच असला पाहिजे, असा त्यांचा रोख होता.

राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरण्यांवर लिहिताना हेच चित्र गिरणीच्या दारातून पाहिलं. मालाला उठाव कधी असे, कधी नसे. म्हणून मालकांना माणसं हवी तेव्हा घेता-सोडता येणं सोयीचं होतं. रोज सकाळी दारात उभे राहणारे बदली कामगार आणि त्यांना आत घेणारा जॉबर, ही व्यवस्था त्या सोयीतून पोसली गेली. आखूड धाग्याचा, हलक्या प्रतीचा कापूस वापरला की सूत वारंवार तुटतं आणि एका माणसाला फार माग सांभाळता येत नाहीत. आळस म्हणून ज्याची नोंद झाली, त्यात मालकाच्या निर्णयांचा वाटा मोठा होता. हे वाचल्यावर गिरणगावातल्या माणसांवर किती सहज ठपका ठेवला गेला, याचा राग आल्याशिवाय राहत नाही.

पण राग म्हणजे पुरावा नव्हे. दोष कामगाराचा की कारभाराचा, हे ताडून पाहण्याचा प्रयोग शंभर वर्षांनी झाला आणि तोही मुंबईच्या अंगणात, तारापूर आणि उंबरगावच्या कापडकारखान्यांत. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून १७ कंपन्यांच्या कारखान्यांचा अभ्यास केला. काही कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेची पाच महिन्यांची मदत फुकट मिळाली: एक महिना पाहणी, चार महिने सुधारणा. तुलनेसाठी ठेवलेल्या कारखान्यांची नुसती पाहणी झाली. कुणाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं.

आत जे दिसलं ते तारापूर-बोईसरच्या एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. सुताच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठी नाही, त्यामुळे गोदामात असलेलं सूत सापडत नाही आणि तेच पुन्हा विकत घेतलं जातं. हत्यारं जमिनीवर पसरलेली. माग बंद पडल्यावरच त्याच्याकडे लक्ष जाणार. कापडातले दोष हाताने दुरुस्त करायला मनुष्यबळाचा जवळपास पाचवा हिस्सा बसलेला. पण दोष कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कशामुळे येतात याचा हिशेब कुणीच ठेवत नव्हतं. नोंद असलीच तर गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दाखवायला.

सल्लागारांनी ३८ साध्या गोष्टी सुचवल्या. गठ्ठ्यांना खुणा करा, मागाची देखभाल ठरल्या दिवशी करा, दोषांची रोज नोंद करा आणि सकाळी सगळ्यांनी मिळून ती पाहा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कामगार तेच, माग तेच, बारा बारा तासांच्या पाळ्याही त्याच. कामगाराच्या अंगभूत आळसावर शतकभर जी विधानं झाली, त्यांना याहून चोख उत्तर शोधूनही सापडणार नाही.

मग मालकांनी हे आधीच का केलं नाही? काहींना माहीत नव्हतं. बरेच जण म्हणत, शेजारच्यापेक्षा आमचा माल वाईट नाही, नफाही होतो. शेजारचाही तसाच चालत असल्याने हे खरंच होतं. आयात कापडावर जबर कर असल्यामुळे बाहेरच्या स्पर्धेचा चटका बसत नव्हता. आणि सर्वांत बोलकी गोष्ट अशी की कंपनी किती मोठी होणार, हे तिच्या कारभारापेक्षा मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर अधिक ठरत होतं. भाऊ किंवा मुलगा असेल तर दुसरा कारखाना निघायचा. परक्या मॅनेजरवर तो सोपवायचा नाही, कारण त्याने सूत विकून खाल्लं तर कोर्टात न्याय मिळेपर्यंत वर्षं जाणार. मुली आणि सुना या गणतीत नव्हत्याच, आणि हे नुकसान त्या मालकांच्या ध्यानातही आलेलं दिसत नाही. एका मागाचा खडखडाट ऐकता ऐकता हा अभ्यास असा आयातकर, न्यायालयं आणि घरातल्या मुलींचं स्थान इथपर्यंत येऊन पोहोचतो.

काही वर्षांनी, २०१७ साली, संशोधक परत गेले. सुरू केलेल्या गोष्टींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. नेटाने राबवणारा मॅनेजर नोकरी सोडून गेला की सकाळची बैठकही बंद पडायची. तरी तुलनेच्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने पुढेच होते.

कारखानदारी मागे पडण्याचा दोष कामगार कायद्यांनाही दिला जातो, पण तिथे अशी स्वच्छ तुलना अवघड असते. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली तीनशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट आली, १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ साली राज्याराज्यांतल्या दुरुस्त्यांची तुलना करून निष्कर्ष काढला की कायदा कामगाराकडे झुकला तिथे संघटित कारखानदारी मागे पडली. महाराष्ट्र त्यांनी कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत धरला होता. आदित्य भट्टाचार्य यांनी त्या वर्गवारीवरच बोट ठेवलं: वेगवेगळ्या जातकुळीच्या दुरुस्त्यांना उणे एक किंवा अधिक एक असा एकच गुण देता येत नाही. आक्षेप वजनदार होता. तरीही धोरणाच्या चर्चेत पहिला निष्कर्षच जास्त फिरला आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली.

मधल्या काळात कारखानदारांनी आपली वाट काढली होती: कंत्राटी कामगार. वार्षिक उद्योग पाहणीत २००० च्या सुमारास त्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात होतं, २०२२–२३ मध्ये ते चाळीसच्या आसपास पोहोचलं. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे असलेले दोघे, एक ‘परमनंट’ आणि एक ‘कंत्राटी’, काम तेच आणि पगारात मोठा फरक. ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून चाकणपर्यंत हे दिसतं.

या फरकाचा माणसावर काय परिणाम होतो? एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी ओडिशातल्या कामगारांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. सोबत्यापेक्षा कमी पगार मिळणाऱ्यांचं काम घटलं आणि पगारावर पाणी सोडून ते खाडेही करू लागले. मात्र सोबत्याचं काम जास्त आहे हे जिथे उघड दिसत होतं, तिथे असं झालं नाही. माणसाला फरक सोसतो, कारण नसलेला फरक सोसत नाही.

तारापूरच्या अभ्यासाचा भर उत्पादकता आणि नफ्यावर होता. मागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या हाती त्यातून काय पडलं, हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. तो प्रश्न आता विचारायला हवा आणि विक्रोळी-कांजूरमार्ग पट्टा त्यासाठी सोयीचा आहे. इथे जुने कारखाने आहेत, लालबहादूर शास्त्री मार्गावर जुन्या कारखान्यांच्या जागी उभी राहिलेली काचेची ऑफिसं आहेत. कन्नमवार नगर आणि पार्कसाइटमध्ये एकाच इमारतीत निवृत्त परमनंट कामगार आणि त्याचा कंत्राटावर काम करणारा मुलगा राहतात. बापाने नोकरीत असताना कोणतं काम शिकून घेतलं, मुलाला तेच शिकवायला कंत्राटदार तयार असतो का, दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्याला मशीनचा दोष सांगावासा वाटतो का आणि सांगितला तर ऐकतं कोण, याच्या नोंदी पाळीपाळीने, काही वर्षं सलग व्हायला हव्यात.